साडीचं दुकान की कंपनीतलं पॅकिंग? पहिली नोकरी शोधणाऱ्या एकट्या आईसाठी

वय 22, शिक्षण बारावी, पदरात लहान मूल आणि कामाचा अनुभव काहीच नाही. अशी बाई नाशिकमध्ये नोकरी शोधायला निघाली की लवकर मिळतात अशी कामं दोन : मेन रोडकडची कापडाची दुकानं, नाहीतर अंबड-सातपूरच्या कंपन्यांमधलं पॅकिंग. मी दोन्ही केली. जून 2022 पासून आठ महिने साडीच्या दुकानात होते, त्यानंतर कंपनीत. पहिल्या दिवशी कामावर गेले तेव्हा लेक अडीच वर्षांची होती. माझा अनुभव एका दुकानाचा आणि एका कंपनीचा, तेवढाच धरून वाचा.

घरच्यांचं मत विचाराल तर ते दुकानाच्याच बाजूने पडेल. माझ्या आईचंही तसंच होतं. सावलीतलं काम, चार चांगल्या माणसांत बसणं-उठणं, अंगावर बरी साडी. यात खोटं काही नाही. दुकानात ओळखीवर लागता येतं, कागदपत्रांचा घोळ नाही. मोबाइल काउंटरच्या खणात असतो, पाळणाघरातून फोन आला तर उचलता येतो. लेकीला गोवर-रुबेलाची लस द्यायची होती तेव्हा शेठना सांगून दोन तास उशिरा गेले, कुणी पैसे कापले नाहीत. एकदा औषधपाण्यासाठी 2,000 रुपये उचलही मिळाली, त्याच दिवशी, न लिहिता. आणि मी बोलायला तिथे शिकले. लग्न मोडून आलेली मी, कुणाशी नजर मिळवून बोलत नव्हते. गिऱ्हाइकापुढे साडी उलगडताना ते आपोआप सुटलं. हे ऋण मी मानते.

अडलं ते सुटायच्या वेळेवर.

सांगितलेली वेळ होती सकाळी 10.30 ते रात्री 8.30. साडेआठला नवं गिऱ्हाईक आत घेणं खरंच थांबायचं, पण आत बसलेलं उठवायचं नाही. लगनसराईत बस्त्याला आलेली आठ-दहा माणसं पावणेनऊलाही शालू बघत असायची. ती गेली की गादीवर साड्यांचा ढीग. एकेक उचलायची, काठाला काठ जुळवायचा, पदर वर राहील अशी घडी घालायची, किमतीची चिठ्ठी बाहेर दिसेल अशी गठ्ठ्यात लावायची. रेशमी साडी घाईने घडी केली की पुन्हा उघडावी लागते. मग गल्ला. तो जुळेपर्यंत कुणी हलायचं नाही. कधी 9 वाजता सुटले, कधी 9.40 ला. कधी, हे सकाळी निघताना सांगता यायचं नाही.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे बाईला रात्री 9.30 नंतर तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. लहान दुकानांना तो कायदा सगळा लागू होत नाही. आणि शटर अर्धं खाली आलेलं असताना, गल्ल्यापुढे उभं राहून कायदा काढणं पहिल्या नोकरीत जमतही नाही.

पाळणाघरच्या मावशींनी वेळ माझ्यासाठी वाढवून 9 केली होती. एका रात्री शालिमारहून शेअर रिक्षा मिळेना, सिडकोत पोचेपर्यंत दहा वाजून गेले. लेक पायात चपला, गळ्यात पाण्याची बाटली, अशी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या बसल्या झोपलेली. मावशी शेजारी बसलेल्या, आत त्यांचे यजमान जेवायचे थांबलेले. मावशी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "उशीर होणार हे सकाळी सांगशील तर मी दहापर्यंतही सांभाळीन गं. पण नऊपासून ती दाराकडे बघत बसते." त्या आठवड्यात मी दुसरं काम बघायला लागले.

कंपनीत मला जनरल शिफ्ट मिळाली, 8.30 ते 5. पाचला भोंगा, पंचिंगची रांग, साडेपाचच्या आत मी मावशींच्या दारात. ओव्हरटाइमला थांबणार का हे जेवणाच्या सुट्टीतच विचारायचे. नाही म्हटलं की सुपरवायझरचा चेहरा उतरायचा, पण गेटवर कुणी अडवलं नाही. काम दुकानापेक्षा जड होतं. दिवसभर उभं राहून खोके भरायचे, पहिले पंधरा दिवस पोटऱ्या रात्रीही दुखायच्या. तरी लेकीला सकाळी सोडताना "दिवे लागायच्या आधी येते" असं सांगता येत होतं, आणि ते खरं ठरत होतं.

कंपनीचे दोन त्रास मात्र मोकळेपणाने सांगायला हवेत. पहिला मोबाइलचा. तो गेटवर जमा. लेकीला ताप चढल्याचा निरोप एकदा माझ्यापर्यंत 40 मिनिटांनी पोचला, ती 40 मिनिटं मी अजून विसरलेले नाही. दुसऱ्याच दिवशी गेटचा लँडलाइन नंबर, मी पॅकिंगच्या कुठल्या लाइनवर असते ते आणि सुपरवायझरचं नाव कागदावर लिहून मावशींच्या फ्रिजवर चिकटवलं. हे रुजू व्हायच्या आधीच करा. दुसरा त्रास ठेकेदाराचा. मी ठेकेदाराकडून लागले होते, सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळाला आणि तीन आठवडे बिनपगारी गेले. तेवढे पैसे बाजूला असू द्या. आणि पाळ्या फिरवणारी कंपनी असेल तर माझं सगळं म्हणणं बाद समजा. रात्री साडेअकराला सुटणाऱ्या पाळीपेक्षा दुकान बरं.

पैशांचं थोडक्यात. दुकानात 9,000 रोख मिळायचे, कंपनीत पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापून 11,300 खात्यात. कापलेलं सुरुवातीला टोचतं. पण ईएसआयला पगाराच्या फक्त 0.75 टक्के जातात, कंपनी 3.25 टक्के भरते, आणि दरमहा 21,000 पर्यंत पगार असलेल्या बाईबरोबर तिच्या मुलाचेही उपचार त्यात होतात. मुलाचं नाव पहिल्याच फॉर्ममध्ये घाला, आधार कार्ड बरोबर न्या. फॉर्मवर नवऱ्याच्या नावाचा रकाना आला तर गडबडू नका, वडिलांचं नाव लिहिता येतं.

कामाला लागण्याआधी सरकारी मदतीचाही हिशेब करा. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1,500 रुपये मिळत असतील तर तिथली उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 आहे, म्हणजे कुठलाही पगार सुरू झाला की ते जातात. बालसंगोपन योजना वेगळी, ती मुलाच्या नावाने आहे आणि 2023 पासून महिन्याला 2,250 रुपये आहे. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात एकदा जाऊन अर्जाचं विचारा. ती रक्कम पाळणाघराला पुरते.

मुलाखतीत दोन्हीकडे पहिला प्रश्न तोच होता : "मूल कुणाकडे ठेवणार?" दुकानात मी गोंधळले. कंपनीत विचारायच्या आधीच सांगितलं, की पाळणाघर घरापासून पाच मिनिटांवर आहे, वेळ ठरलेली आहे. प्रश्न तिथेच संपला. मोठ्या कंपनीत जात असाल तर उलट तुम्हीही विचारा. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणं 2017 पासून कायद्यानं बंधनकारक आहे, दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभाही आहे. मी होते तिथे ती सोय नव्हती. तरी विचारल्याचं वाईट कुणी मानलं नाही.

आई किंवा सासू घरी असेल, मूल संध्याकाळी त्यांच्या हातचं जेवून झोपत असेल, तर दुकान घ्या. माणसांत राहाल, बोलायला शिकाल. मूल परक्या घरी सोडून जायचं असेल तर मी जनरल शिफ्टच धरीन, पगार 500 ने कमी असला तरी.

दुकानच जवळचं आणि सोयीचं वाटत असेल, तर हो म्हणण्याआधी एका शनिवारी रात्री नऊला त्या दुकानासमोर जाऊन उभ्या राहा. आत काम करणाऱ्या बाया किती वाजता बाहेर पडतात ते घड्याळात बघा आणि मगच पाळणाघराशी वेळ ठरवा.