जेरेमाया ओब्रायन जहाज: नागपूरहून तिकडे जाणार असाल तर बघाच

मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेलो तेव्हा बघितलं, 1943 चं लिबर्टी मालवाहू जहाज आहे, दुसऱ्या महायुद्धात अशी 2,710 बांधली होती अन् आता चालणारी दोनच उरलीत. युद्धात फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर माल पोचवलेलं हे जहाज 1994 मध्ये परत तिकडे गेलं, तेही व्हॉलंटियर लोकांनीच चालवत नेलं! खाली इंजिनरूममध्ये सत्तरीतले एक काका तेलाची बुधली घेऊन फिरून राहिले होते, बेअरिंगला हात लावून गरम झालं का बघत होते, पगार नाही काही नाही, मन भरून आलं माझं. आपल्या मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये वाफेचं इंजिन नुसतं उभं आहे ना, इथं जहाजाचं इंजिन काही ठरावीक दिवशी वाफेवर चालवून दाखवतात, तेव्हाच जा. शिड्या एकदम उभ्या आहेत, चांगले बूट घाला. पाचपैकी पाच.