नळीचा गॅस स्टोव्ह: मुलीला घेऊन रानात रांधणाऱ्यांसाठी

गाडीरस्ता मागे टाकून, सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन तंबूत राहायचं आणि सोबत चार वर्षांची मुलगी, म्हणजे स्टोव्हची परीक्षा वेगळीच होते. पाणी किती झटपट उकळलं याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. गरम पाणी ओतून फुगवायचं पाकिटातलं जेवण ती पहिल्याच घासाला थुंकते. मीठ इतकं असतं की मला तिचंच पटतं.

म्हणून कॅनिस्टरच्या, म्हणजे गॅसच्या छोट्या डब्याच्या, डोक्यावर बसणारा चिमुकला बर्नर सोडून नळीने जोडलेला, तीन पायांचा स्टोव्ह घेतला. त्या बर्नरवर पातेलं ठेवलं की नुसता डोलारा, मुलीचा धक्का लागायचाच अवकाश. हा जमिनीलगत पाय फाकवून बसतो आणि चावी कॅनिस्टरपाशी, विस्तवापासून लांब असते. वाऱ्याला आडोसा म्हणून बर्नरभोवती पत्रा लावता येतो. डोक्यावरच्या बर्नरला असा वेढा घातला तर कॅनिस्टरच तापतं, तो धोका कधीच पत्करू नये.

खरी मजा मंद आचेची. लोण्यात लसूण टाकला तरी करपत नाही. वाळवलेले मशरूम मी वाटेतच घट्ट झाकणाच्या बरणीत भिजत घालते. मुक्कामी पोचेपर्यंत मऊ होतात, गॅसही वाचतो. त्याच पाण्यात पास्ता शिजवायचा; पाणी बेताचं घातलं की गाळायची भानगड नाही, आटलेल्या पिठूळ पाण्याचा सॉस होतो. वरून चीज किसायचं काम मुलीकडे. निम्मं पातेल्यापर्यंत पोचतच नाही, ते मी धरूनच चालते.

थंडीत मात्र याचे नखरे सोसावे लागतात. कॅनिस्टरमधला ब्युटेन वायू उणे ०.५ अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे १२च्या आसपास; गारठ्यात त्यांची वाफ नीट होत नाही, त्यामुळे साध्या बर्नरची ज्योत मलूल होते. याची बर्नरपाशी असलेली धातूची नळी ज्योतीतून जाते आणि गॅस तिथेच तापतो, म्हणून कॅनिस्टर उलटं करून द्रवरूप गॅसही जाळता येतो. आधी सरळ ठेवून मिनिटभर तापू द्यायचं, नाहीतर भडका उडतो. तेवढा वेळ लेक बाबाच्या मांडीवर. उलट्या कॅनिस्टरवर चावी फिरवली तरी आच जरा वेळानेच बदलते, त्यामुळे सकाळचा पहिला पॅनकेक एका बाजूने काळाच.

तक्रारी आहेत. गार हवेत नळी ताठते आणि स्टोव्हलाच फिरवते. पेटवायला बटण नाही, लायटर न्यावा लागतो. वजन चिमुकल्या बर्नरपेक्षा शंभरेक ग्रॅमने जास्त, पण मुलीच्या कपड्यांच्या गाठोड्यापुढे त्याचं काय! पाऊस आला तरी तंबूच्या आत पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. हे कुठल्याही स्टोव्हला लागू.

एकटे फिरत असाल आणि कॉफीपुरतंच पाणी तापवायचं असेल तर यात पैसे घालू नका.