टॉर, व्हीपीएन की सिग्नल? नाव न कळता सांगायचं असेल तर

मालवणात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फुटलेले डिस्प्ले, सैल झालेल्या चार्जिंग पिना, खाऱ्या पाण्यात पडलेले फोन, हाच रोजचा धंदा. गेल्या सीझनला एका रापणकराचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचा, मुलगा आला, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "काकानू, डार्क वेबवर टाकलंय तर कोणाक कळाचा नाय मां?"

त्याच्याकडे रात्री एलईडी लावून मासे ओढणाऱ्या बोटींचे फोटो होते. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये या दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी अंधार पडला की समुद्रात दिवाळी असते. बोटी कोणाच्या, हे अख्ख्या वाडीला ठाऊक. फोटो कोणी दिले, तेवढं कळायला नको होतं.

डार्क वेब म्हणजे बहुतेकांना काहीतरी भुताटकीचं वाटतं. प्रत्यक्षात ते टॉर ब्राउझरमधूनच उघडणारे पत्ते, ५६ अक्षरांचे आणि शेवटी डॉट ओनियन लावलेले. टॉरमागची कल्पना १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत निघाली, आणि २००६ पासून टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था त्याचा व्याप सांभाळते. टॉरवरून एखादी नेहमीची साइट उघडली, की तुमची माहिती स्वयंसेवकांनी चालवलेल्या तीन सर्व्हरांमधून फिरते. पहिल्याला तुम्ही कुठून आलात ते दिसतं, पण कुठे चाललात ते नाही. तिसऱ्याला कुठे चाललात ते दिसतं, पण कुठून आलात ते नाही. मधल्याच्या हाती दोन्ही लागत नाही. भारतात टॉर वापरणं हा गुन्हा नाही. आत जाऊन अमली पदार्थ घेतलेत तर कायदा बाहेरचाच लागतो. बीबीसीचाही ओनियन पत्ता आहे, म्हणजे तिथे सगळे चोरच बसलेत असंही नाही.

पण टॉर तुमचा पत्ता झाकतं, तुम्ही टॉर वापरताय हे मात्र झाकत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळायला टॉरवरून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर कोणी फोडलं नाही. त्या वेळी विद्यापीठाच्याच वायफायवरून टॉर कोण वापरत होतं, ते पाहिलं गेलं आणि पोरगा सापडला. हार्वर्डसारख्या ठिकाणी हे, तर आमच्या वाडीत एका टॉवरखाली टॉर वापरणारे किती असतील? कंपनीच्या नोंदीत तो एकटाच निघायचा. यावर 'ब्रिज' नावाची सोय टॉरमध्ये आहे, टॉरची वाहतूक ओळखू येऊ नये म्हणून. ती चालू करायची असते हेच बहुतेकांना माहीत नसतं.

आणि तिथल्या चर्चेच्या अड्ड्यांवर टाकायचं म्हणाल, तर वाचणार कोण? परवाना अधिकारी काही रात्री तिथे फिरत नसतो. शिवाय समोरचा कोण, हे तिथे कधीच कळत नाही. २०१७ मध्ये डच पोलिसांनी हान्सा नावाचा डार्क वेबवरचा बाजार ताब्यात घेऊन जवळपास महिनाभर स्वतःच चालवला. गिऱ्हाइकं नेहमीसारखी येत होती. 'सिल्क रोड' हा तिथलाच अमली पदार्थांचा बाजार चालवणारा रॉस उलब्रिक्ट तर २०११ मध्ये उघड्या इंटरनेटवर स्वतःच्या नावाचा ईमेल देऊन बसला होता, तो धागा पुढे तपासात उपयोगी पडला. दोन्हीकडे टॉर चोख काम करत होतं, घात माणसांनी केला.

व्हीपीएन म्हणजे तुमची माहिती दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तुमच्या मोबाइल कंपनीला जे दिसत होतं, ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं. एवढाच फरक. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते वगैरे पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं, तेव्हा नॉर्ड, एक्सप्रेस, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. फुकटचं व्हीपीएन तर माझ्या दुकानात आलेल्या फोनवर दिसलं की मी आधी विचारून काढून टाकतो. हॉटेलच्या वायफायवर बँकेचं काम करायला पैसे भरून घेतलेलं व्हीपीएन ठीक आहे. या कामाला नाही.

सिग्नल हे व्हॉट्सअ‍ॅपसारखं संदेशांचं अ‍ॅप, त्याचं गणित वेगळं. ते सगळ्या जगापासून लपवत नाही, एका ओळखीच्या माणसाशी बंद दाराआड बोलू देतं. २०१६ मध्ये अमेरिकी न्यायालयाचा हुकूम आला तेव्हा त्यांना देता आलं ते एवढंच: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. व्हॉट्सअ‍ॅपमधले संदेशही त्याच पद्धतीने कुलूपबंद होतात, पण कोण कोणाशी कधी बोललं याची माहिती तिथे बरीच जास्त साठते. सिग्नलला खातं उघडताना मोबाइल नंबर लागतो, हा खरा काटा. मात्र २०२४ पासून नंबर समोरच्याला न दाखवता यूजरनेम देता येतं. ठरलेल्या वेळेनंतर पुसले जाणारे संदेश आहेत, फोटोतले चेहरे पुसट करायची सोय आहे. आणि पावसात रेंज एका काडीवर आली तरी ते कसंबसं चालतं. टॉरचं पान तेवढ्यात उघडलं तर नशीब.

म्हणून पोराला सांगितलं ते असं. विश्वासाचा पत्रकार ओळखीचा असेल तर सिग्नल, संदेश पुसण्याची मुदत लावून. ज्याच्याशी ओळख नाही, ज्याला आपलं नावही कळायला नको, त्याच्यासाठी टॉर. तेही ब्रिज चालू करून, नव्या ईमेलवरून, आणि वाडीतल्या कोणाचंही वायफाय न घेता. एखादा जवळचा माणूसच बोटवाल्यांना मिळालेला असेल, तर तिन्हींतलं काहीच उपयोगाचं नाही. कुळथाची पिठी कोणाच्या घरी शिजली हे जिथे संध्याकाळपर्यंत कळतं, तिथे आधी स्वतःचं तोंड बंद.

मग फोटो बघायला मागितले. बोटी, दिवे, सगळं स्पष्ट होतं. फोटोच्या माहितीत जागा आणि वेळही होती. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवले असते तर तीही सोबत गेली असती. आणि तिसऱ्या फोटोच्या खालच्या कोपऱ्यात त्याच्या बापाच्याच होडीची नाळ, तिच्यावर पांढऱ्या रंगात ठळक रंगवलेला आयएनडी-एमएचचा नोंदणी क्रमांक.

"ह्यां आधी कापूया," मी म्हटलं, आणि त्याला खुर्ची दिली.