केबल चालत होती, तरी माल डुप्लिकेट होता

दूध संकलन केंद्र, वजनकाटे, सीएनसी मशीन, जुनी पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर) असलं काही कॉम्प्युटरला जोडून देण्याचं काम जे करतात, त्यांनी हे जरा सावकाश वाचा. आम्हाला यूएसबी-टू-सिरियल केबलमध्ये डुप्लिकेट चिप मिळाली. ती डुप्लिकेट आहे हे कळेपर्यंत केबली सांगली-साताऱ्याकडच्या गावागावांतल्या केंद्रांवर लागूनही गेल्या होत्या.

केबलचं काम आधी सांगतो, म्हणजे घोळ कुठे आहे ते कळेल. संकलन केंद्रावरचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि फॅटचं मशीन अजूनही नऊ पिनांच्या सिरियल पोर्टवरच चालतं. नव्या कॉम्प्युटरला तो पोर्टच नसतो, म्हणून मध्ये ही केबल. तिच्या यूएसबीच्या टोकात एक चिप असते. जोडल्याबरोबर ती आपला कंपनी क्रमांक आणि मॉडेल क्रमांक सांगते, विंडोज ते बघून त्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे चिपेशी बोलणारं छोटं सॉफ्टवेअर, लावतं, आणि लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घनपदार्थ) थेट पावतीवर उमटतात.

माल घेतला मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका व्यापाऱ्याकडून, घाऊक. पाकिटावर नामांकित कंपनीचं नाव, कॉम्प्युटरला जोडली की स्क्रीनवरही तेच नाव. भाव थोडा कमी होता, पण घाऊक घेताना तेवढा फरक पडतोच. महिनोन्‌महिने एकाही केबलची तक्रार नाही. डुप्लिकेट म्हटलं की आपल्याला लगेच जळणारा, तुटणारा माल आठवतो. इथे तसं काहीच झालं नाही.

मग एका केंद्राने कॉम्प्युटर बदलला. सकाळच्या संकलनाच्या वेळी सचिवांचा फोन : "अहो, काटा चालतोय, फॅटचं मशीन चालतंय, पण कॉम्प्युटरवर लिटर येईना. बाहेर लाईन लागलीय." लाईन म्हणजे किटल्या घेऊन उभी माणसं, ज्यांना डेअरी उरकून रानात जायचं असतं. त्या दिवशी सगळं हातानं वहीत लिहावं लागलं. मी पोचलो तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये केबलच्या नावापुढे पिवळा त्रिकोण होता आणि खाली 'कोड १०', म्हणजे हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. जुना ड्रायव्हर टाकला, चाललं. विंडोजने अपडेटमध्ये परत नवा ओढला, पुन्हा बंद. पाठोपाठ दुसऱ्या केंद्राचा फोन, मग तिसऱ्याचा.

एका केबलचं प्लॅस्टिक कापून चिप भिंगाखाली धरली. शेजारी जुन्या स्टॉकमधली त्याच नावाची खात्रीची चिप. खरीवरची अक्षरं लेसरने कोरलेली, राखाडी, तिरप्या उजेडातच नीट दिसणारी. आमच्या नव्या मालावरची पांढरीशुभ्र, शाईने छापलेली, आणि शेवटची ओळ किंचित तिरकी. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन दोनदा फिरवला तर कंपनीचं नाव बोळ्यावर आलं.

अशा प्रकरणांत मूळ कंपन्या काय करतात ते शोधायला लागलो, तेव्हा आमचं दुखणं नवं नाही हे समजलं. सगळ्यात गाजलेलं प्रकरण स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीचं. तिची एफटी२३२आरएल ही चिप याच कामाची, आणि तिच्या नकला जगभर पसरलेल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये झेप्टोबार्स या चिपा उघडून त्यांचे फोटो काढणाऱ्या साइटच्या मंडळींनी खरी आणि नकली अशा दोन्ही चिपांचं कवच काढून आतलं सिलिकॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. नकली चिपेत एफटीडीआयच्या डिझाइनची नक्कलसुद्धा नव्हती. आत वेगळाच मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम भरून हवं ते काम करून घेता येणारी चिप, होता, एफटीडीआयसारखं वागायला शिकवलेला. म्हणजे इतकं जमणारा माणूस स्वतःच्या नावाने चिप विकू शकला असता. त्याला हवा होता तो ड्रायव्हर, जो विंडोज आपणहून लावून देतं.

कंपनीने घाव घातला तोही ड्रायव्हरमधूनच. ऑक्टोबर २०१४ च्या सुमाराला विंडोज अपडेटमधून जो नवा ड्रायव्हर आला, तो नकली चिपेच्या स्मृतीत मॉडेल क्रमांकाच्या जागी शून्य लिहायचा. लिहिण्याची पद्धत अशी बेतलेली की खऱ्या चिपेवर परिणाम शून्य, आणि नकली मात्र स्वतःची ओळख विसरायची. मग ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तरी ओळखली जायची नाही. ड्रायव्हरच्या अटींत लिहिलंही होतं की खऱ्याखेरीज दुसऱ्या चिपेवर वापरलात तर ती कायमची निकामी होऊ शकते. त्या अटी कोण वाचतं? आरडाओरडा झाला आणि तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. लिनक्सवाल्यांनी तर शून्य क्रमांकाच्या चिपाही चालतील अशी सोय करून टाकली.

पुढे २०१६ मध्ये कंपनीने चिप मारायचं सोडलं आणि दुसरी वाट धरली. नकली चिप सापडली की ड्रायव्हर माहितीच्या प्रवाहात 'हे उपकरण अस्सल नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य घुसवायचा. ऐकायला गंमत वाटते. पण काट्याकडून साडेसहा लिटर यायच्या जागी हे वाक्य आलं, तर समोरचं सॉफ्टवेअर त्याचं काय करेल? आमचं नुसतं अडकेल. कुठे तरी औषधाचा पंप असेल, कुठे भट्टीचं तापमान. मला तर केबल बंद पडलेली परवडली.

तैवानच्या प्रोलिफिकचंही असंच. तिच्या याच कामाच्या पीएल२३०३ चिपेच्या नकलांनी कंपनी बेजार झाली होती. नवे ड्रायव्हर आता नकली चिप दिसली की चालतच नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'ही प्रोलिफिकची चिप नाही, विक्रेत्याशी संपर्क करा' अशा अर्थाची ओळ येते. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण पीएल२३०३एचएक्सए हे मॉडेल २०१२ पासून बंद झालं म्हणून नव्या विंडोजवर खरी एचएक्सएसुद्धा चालत नाही. ज्यांनी पूर्ण पैसे मोजून अस्सल केबल घेतली, त्यांनाही तीच पिवळी खूण.

कंपन्यांचा राग मला समजतो. नाव त्यांचं, ड्रायव्हर लिहिण्याचा खर्च त्यांचा, आणि कमाई भलत्याची. पण या उपायांत नकली चिप बनवणाऱ्याला आणि ती विकणाऱ्याला ओरखडाही उठत नाही. त्यांचे पैसे केव्हाच खिशात गेलेले असतात. मार बसतो तो डेअरीच्या सचिवाला, ज्याने चिप हा शब्द बटाट्यापुरताच ऐकलाय.

अमेरिकेत हाच प्रश्न लष्करात निघाला. तिथल्या सिनेटच्या समितीने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात संशयास्पद सुट्या भागांचा आकडा दहा लाखांच्या वर होता. बरेचसे भाग चीनमध्ये ई-कचऱ्यातल्या बोर्डांवरून उकरून, घासून, नवं नाव छापून आलेले. त्याच सुमाराला तिथे कायदा झाला, आणि नकली भाग बदलण्याचा खर्च सरकारकडून वसूल न करता कंत्राटदाराने सोसायचा, असं ठरलं. मला हे पटतं. जो माल पुरवतो, त्यालाच त्याचा उगम तपासायची गरज वाटली पाहिजे.

आता आमचा व्यापारी. केबली घेऊन गेलो तर तो म्हणाला, "शेठ, माल तर चालूच होता ना? विंडोजने बंद केला, त्याला आपण काय करणार?" बिलावर फक्त 'यूएसबी कन्व्हर्टर' आणि नग. कंपनी नाही, मॉडेल नाही. ओरिजिनल हा शब्द तोंडीच होता. ग्राहक आयोगाचा विचार केला, पण २०१९ च्या कायद्यात पुनर्विक्रीसाठी माल घेणारा 'ग्राहक' धरला जात नाही. दुकानांना केबल, बल्ब, चार्जर घाऊक पुरवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा. दिवाणी दावा करता येतो. केबलीच्या किमतीपेक्षा वकिलांची फी जास्त होते.

सध्या आम्ही बिलावर चिपेच्या कंपनीचं नाव आणि पूर्ण मॉडेल लिहून घेतो, आणि 'नकली निघाल्यास परत' हे वाक्यही. जो लिहून देत नाही, त्याच्याकडून घेत नाही. चिप बोर्डवर बसवणारे असाल तर कंपनीच्या साइटवर दिलेल्या अधिकृत वितरकाकडूनच घ्या. नव्या खेपेतली एक केबल ताज्या विंडोजवर, अपडेट पूर्ण करून, लावून बघतो. एफटीडीआयच्या केबली असतील तर दोन-तीन लावून सिरियल क्रमांक वाचा. खऱ्या प्रत्येक चिपेचा वेगळा असतो, नकली मालात बऱ्याचदा एकच क्रमांक सगळीकडे सापडतो.

स्वस्तच हवी असेल तर सीएच३४० ची घ्या. चिनी कंपनीची चिप आहे, पण स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ड्रायव्हरसकट येते. आम्ही केंद्रांवरच्या केबली त्याच बसवून बदलून दिल्या, पैसे न घेता. व्यापाऱ्याने शेवटी निम्म्या रकमेची क्रेडिट नोट दिली, तीही त्याच्याच दुकानातून दुसरा माल उचलण्याच्या अटीवर. ती अजून वापरलेली नाही.