कागदी सांगाडा की दोऱ्याचा पंजा?

हाडांचा धडा हातांनी करून शिकवायचा म्हटलं की दोन पर्याय हमखास पुढे येतात: पितळी पिनांनी जोडलेला कागदी सांगाडा, नाहीतर पुठ्ठ्यावर स्ट्रॉ आणि दोरा लावून केलेला पंजा. (व्हिनेगरमध्ये हाड मऊ करण्याचा प्रयोग छानच, पण त्यातून हाड कशाचं बनलंय ते कळतं, हलतं कसं ते नाही. शिवाय त्याला चार-पाच दिवस लागतात.)

सांगाडा अर्ध्या तासात होतो, पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही जमतो आणि कवटी, कणा, बरगड्या एका नजरेत येतात. कागद जाड हवा आणि पिनेचं भोक कडेपासून सेंटीमीटरभर आत, नाहीतर दुसऱ्याच दिवशी हात गळून पडतो.

खटकतो तो गुडघा. चित्र समोरून काढलेलं, त्यामुळे पाय मागे दुमडण्याऐवजी पंख्याच्या पात्यासारखा बाजूला फिरतो. कोपराचंही तेच. खांद्याचा उखळीचा सांधा आणि गुडघ्याचा बिजागरीचा सांधा, दोन्हीकडे तीच पिन! तोंडाने कितीही समजावा, मूल पाय गरागरा फिरवतच राहतं.

पंज्याला वेळ दुप्पट लागतो, हे खरं. हात पुठ्ठ्यावर मनगटासकट गिरवून कापायचा, पेरांच्या रेषांवर हलकी घडी पाडायची. मग स्ट्रॉचे तुकडे: चार बोटांना तीन-तीन, अंगठ्याला दोन, तळहातावर पाच, एकूण 19. हाताच्या 27 हाडांपैकी मनगटातली 8 वगळली की एवढीच उरतात; मुलांना ती मोजायला लावावीत. प्रत्येक बोटाच्या तुकड्यांतून एक दोरा मनगटापर्यंत ओवायचा. दोन तुकड्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटर फट हवी. फट कमी पडली तर टोकं एकमेकांवर आदळतात आणि बोट वळत नाही. जास्त झाली तर दोरा धनुष्याच्या दोरीसारखा वर उचलला जातो. स्ट्रॉवर चिकटपट्टी आवळून लावली तर नळी चेपते आणि दोरा अडकतो. दोऱ्याचं टोक बोटाच्या शेंड्यावरून मागे वळवून तिथेच चिकटवावं, नुसती गाठ सुटून येते. अंगठ्याचा दोरा तिरका न्यावा.

या पंज्यातही एक खोट आहेच: दोरा नळीतून जातो, म्हणून मुलांना वाटतं की स्नायुरज्जू (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) हाडाच्या आतून जातो. म्हणून हाडं आधी पुठ्ठ्यावर रंगवून घ्यावीत आणि स्ट्रॉ म्हणजे त्यावरचं आवरण, असं सांगावं. पण दोरा ओढला की बोट एकाच बाजूला, खरं वळतं तसंच वळतं. तेवढ्यात मुलांना दुसऱ्या हाताने आपली कोपराखालची बाजू धरून मूठ आवळायला सांगा. ओढणारे स्नायू बोटांत नाहीत, तिथे आहेत, हे बोटांखाली जाणवतं. ‘मग बोट सरळ कोण करतं?’ हा प्रश्न बहुधा मुलंच विचारतात; पाठीमागून दुसरा दोरा लावला की उत्तर मिळतं.

तीस मुलं आणि एकच तास असेल तर सांगाडाच घ्यावा लागेल. मग निदान एक पाय बाजूने दिसेल असा कापा आणि मांडीच्या तुकड्याला गुडघ्यापुढे जाड पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा, म्हणजे नडगी पुढे जायला लागली की अडेल.