केबलवाल्या काकांचं स्पोर्ट्स पॅक: अख्खा सीझन बघून झाल्यावरचा रिव्ह्यू

5 पैकी 4 स्टार. एक का कापला ते खाली सांगतोच, पण आधी एवढं सांगतो की सोलापुरात राहून युरोपचा फुटबॉल नीट बघायचा असेल आणि घरात एकच टीव्ही असेल, ज्यावर आठ ते दहा आईच्या सिरीयल लागतात, तर आमच्या भागातल्या केबलवाल्या काकांकडचं हे पॅक मला फोनवरच्या ॲपपेक्षा कितीतरी चांगलं पडलं. ऑगस्टपासून मे संपेपर्यंत वापरलंय, दोन मॅच बघून लिहीत नाहीये.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो, त्यामुळं कुठलंही बिल हातात आलं की आधी कशाचे किती लावलेत ते बघायची सवय. काकांच्या बिलाची हीच गोष्ट मला पहिल्यांदा आवडली. चॅनलचं नाव, समोर त्याची किंमत, खाली टॅक्स, सगळं सरळ. हे काही काकांच्या मनावर नाही, ट्रायनं (टीव्ही आणि फोन कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2017 मध्ये नियम काढले आणि 2019 पासून ते लागू झाले, तेव्हापासून प्रत्येक पे चॅनलची किंमत जाहीर करावी लागते आणि गिऱ्हाईकानं सुटं एकच चॅनल मागितलं तर ते द्यावं लागतं. सुरुवातीला शंभर चॅनलचे 130 रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, हा आकडा तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ झाला होता.

काका टॅब घेऊन घरी आले तेव्हाचं बोलणं अजून लक्षात आहे.

"काय बघणार बाळा तू, क्रिकेट का?"
"फुटबॉल ओ काका. प्रीमियर लीग आणि चॅम्पियन्स लीग."
"मग दोन्हीकडचं घ्यावं लागतंय की. एकाकडं एक, दुसऱ्याकडं दुसरं. एकात न्हाई येत."

खरंय, इंग्लंडमधल्या क्लबांची प्रीमियर लीग स्टार स्पोर्ट्सकडं आणि युरोपभरच्या मोठ्या क्लबांची चॅम्पियन्स लीग सोनीकडं. स्पेनची ला लिगा तर गेल्या काही वर्षांत किती घरं फिरली, 2018 पासून तीन सीझन फेसबुकवर फुकट होती, मग व्हायकॉम18 कडं गेली तेव्हा आम्ही एमटीव्हीवर बार्सिलोना बघितलीय, आई विचारायची गाण्याच्या चॅनलवर हे काय लावलंय. काकांच्या त्या "एकात न्हाई येत" वरून मी हे सगळं खणायला लागलो की हे असं तुकडे करून विकायचं ठरवतं कोण.

आधी पैसा. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग 1992 ला सुरू झाली तेव्हा तिथल्या टीव्हीचा पहिला सौदा होता पाच वर्षांसाठी 30 कोटी 40 लाख पौंड, म्हणजे वर्षाला साधारण 6 कोटी. आत्ताचा 2025 ते 2029 चा सौदा आहे चार वर्षांसाठी 670 कोटी पौंड, स्काय आणि टीएनटी स्पोर्ट्सकडं लाइव्ह मॅच आणि बीबीसीकडं हायलाइट्स. वर्षाला काढलं तर 167 कोटींच्या वर. सत्तावीस पट झालं हे, आणि यात बाहेरच्या देशांचे पैसे धरलेलेच नाहीत, ते वेगळे. हा पैसा शेवटी जो टीव्हीसमोर बसतो त्याच्याच खिशातून निघतो, दुसरीकडून येणार कुठून.

आता नियम, कारण मला सगळ्यात जास्त राग इथंच आला. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या युरोपियन कमिशनचं म्हणणं होतं की सगळ्या क्लबांनी मिळून मॅच दाखवायचे हक्क एकत्र विकायचे आणि ते सगळे एकट्या स्कायनं घ्यायचे, ही मक्तेदारी झाली. बरोबरच होतं ते. मग 2006 मध्ये प्रीमियर लीगकडून कबूल करून घेतलं की यापुढं सगळी पॅकेजं, म्हणजे मॅचचे गठ्ठे, एकाच कंपनीला द्यायची नाहीत. त्यामुळं 2007 पासून सहापैकी दोन पॅकेजं सेटांटा नावाच्या कंपनीकडं गेली आणि चार स्कायकडं राहिली. कागदावर स्पर्धा आली. पण बघणाऱ्याला काय मिळालं, तर आधी एक डबा होता आता दोन सबस्क्रिप्शन, कारण प्रत्येक मॅच एकाकडंच. स्पर्धा म्हणजे तोच टॉवेल दोन कारखान्यांत मिळतोय आणि मी स्वस्त कुठंय ते बघून घेतोय. इथं जोडीतली डावी चप्पल नव्या पेठेतल्या एका दुकानात आणि उजवी समोरच्या दुकानात, दोन्हीकडं पैसे भरल्याशिवाय घरी चालत जाता येत नाही. सेटांटाचा इंग्लंडमधला धंदा तर जून 2009 मध्ये बसलाच, ती पॅकेजं मग ईएसपीएननं उचलली.

लिलाव करणाऱ्याला जास्त भाव मिळावा म्हणून केलेली स्पर्धा आणि गिऱ्हाईकाला कमी पैसे पडावेत म्हणून केलेली स्पर्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझं ठाम मत आहे की युरोपात पहिलीच झाली.

फ्रान्सचं उदाहरण तर आमच्या धंद्यातल्या कुणालाही लगेच कळेल. मीडियाप्रो नावाच्या कंपनीनं 2018 च्या लिलावात वर्षाला 78 कोटी युरोच्या आसपासचा भाव बोलून फ्रेंच लीगच्या बहुतेक मॅच घेतल्या, 2020 पासून चार सीझन. टेलेफूट म्हणून चॅनल काढलं, महिन्याला 25.90 युरो. ऑक्टोबर 2020 मध्ये हप्ता भरायची वेळ आली आणि पैसे भरलेच नाहीत. कोरोना होता हे मान्य, पण लीगच्या हातात ऑर्डरचा कागद तसाच राहिला, क्लबांनी खेळाडूंचे पगार त्या भरवशावर ठरवून ठेवलेले. पुढच्याच वर्षी ॲमेझॉननं 80 टक्के मॅच वर्षाला फक्त 25 कोटी युरोला नेल्या. मग 2024 ला डॅझन नावाचं ॲप आलं वर्षाला 40 कोटींचा करार करून, तेही एका सीझनमध्ये बाहेर. शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये लीगनं स्वतःचंच चॅनल काढलं, लीग 1 प्लस, महिना 14.99 युरो. सूत देणाऱ्यानं, विणणाऱ्यानं, दलालानं सगळ्यांनी हात धुऊन घेतल्यावर कारखानदारानं शेवटी फॅक्टरीच्या दारातच दुकान टाकावं तसं. मला हे आवडलं खरं तर, आधीच करायला पाहिजे होतं.

सगळेच नियम वाईट आहेत असं नाही हां. ब्रिटनमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप, युरोपातल्या देशांचा युरो कप आणि इंग्लंडच्या क्लबांच्या एफए कपची फायनल या मॅचेस फुकटच्या चॅनलवर दाखवता आल्याच पाहिजेत अशी यादीच आहे. फिफा आणि युएफा (फुटबॉलच्या जगाच्या आणि युरोपच्या संघटना) त्याविरुद्ध युरोपच्या कोर्टात गेले होते, सगळ्याच मॅच कशाला यादीत म्हणून, पण 2013 मध्ये ते हरले. आपल्याकडं 2007 चा कायदा त्याच धर्तीवरचा, महत्त्वाच्या खेळांचं सिग्नल प्रसार भारतीला द्यावंच लागतं. आमच्या कारखान्यातले रात्रपाळीचे कितीतरी लोक दूरदर्शनवरच क्रिकेट बघत मोठे झालेत, त्यामुळं या नियमाची किंमत मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आणि एक किस्सा काकांना सांगितला तर ते खुर्चीत पुढं सरकून बसले. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ शहरातल्या साउथसीला कॅरेन मर्फी नावाच्या बाई पब चालवायच्या. स्कायचं पबसाठीचं कनेक्शन फार महाग, म्हणून त्यांनी ग्रीसच्या कंपनीचं डिकोडर कार्ड आणलं, रीतसर पैसे भरून, चोरी नाही. तरी खटला झाला, दंड झाला. बाई मागं हटल्या नाहीत, केस थेट युरोपच्या कोर्टापर्यंत गेली आणि ऑक्टोबर 2011 मध्ये कोर्टानं सांगितलं की दुसऱ्या देशाचं कार्ड वापरायला बंदी घालणं हे युरोपच्या मोकळ्या बाजाराच्या विरोधात आहे. गंमत म्हणजे कोर्ट असंही म्हणालं की मॅच स्वतः कुणाची साहित्यकृती नाही, तिच्यावर कॉपीराइट नाही, पण त्याआधी वाजणारं लीगचं गाणं आणि स्क्रीनवरची ग्राफिक्स यांच्यावर आहे. 2012 मध्ये इंग्लंडच्या कोर्टानं बाईंची शिक्षा रद्द केली. काका म्हणाले, "एका हॉटेलवाल्या बाईनं केलं व्हय हे सगळं?" आणि कितीतरी वेळ मान हलवत बसले.

आता परत पॅककडं. चित्र एचडी, स्वच्छ, आणि ॲपपेक्षा पुढं चालतं. मागच्या वर्षी माझ्याकडं एक ॲप होतं (नाव घेत नाही), त्यावर फ्री किकसाठी भिंत उभी राहतेय तोवर शेजारच्या घरातून केबलवर गोल झाल्याचा आवाज यायचा. शिवाय त्या ॲपचे वर्षाचे पैसे एकदम भरा, मग जून-जुलैत एक मॅच नसली तरी पैसे गेलेलेच. काकांकडं मी जूनमध्ये दोन्ही चॅनल बंद करायला सांगितले, त्यांनी दोन मिनिटांत केले आणि पुढच्या बिलात ती रक्कम नव्हती. सुटं चॅनल सुट्या महिन्यासाठी घेता येणं, याहून जास्त मला काही नको. ॲपना ट्रायचा हा किमतीचा नियम लागू नाही, त्यामुळं सुटं चॅनल द्यायचं बंधन त्यांच्यावर नाही.

शनिवारी संध्याकाळचं सुख तर वेगळंच. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच लाइव्ह फुटबॉल टीव्हीवर दाखवायला बंदी आहे, बर्नली क्लबचे चेअरमन बॉब लॉर्ड यांच्या आग्रहानं साठच्या दशकात सुरू झालेली, लोक घरी बसले तर छोट्या क्लबांची तिकिटं कोण घेणार म्हणून. तिथल्या तीन वाजताच्या मॅच तिथलाच माणूस घरी बसून बघू शकत नाही, आणि आपण जुळे सोलापुरात साडेसातला, थंडीत साडेआठला, ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन त्यातली एखादी लाइव्ह बघतोय. आईची सिरीयल आडवी येते, पण वडलांमुळं जमतं, वडील पूर्वी लूमवर होते, कानानं कमी ऐकू येतं, ते आवाज बंद करूनच बघतात आणि ऑफसाइड माझ्याआधी सांगतात.

आता कापलेला स्टार. मे महिना, चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, दुसरा लेग (दोन मॅचमधली दुसरी), आपल्याकडं रात्री साडेबाराला. मी वडलांना दुपारी झोपवून ठेवलेलं, चहा थर्मासमध्ये. बरोबर बाराला स्क्रीन काळी आणि त्यावर रिचार्ज संपल्याची पाटी. तीस दिवस रात्री बारालाच संपतात हे मला माहीत नव्हतं, आदल्या दिवशी मेसेज आला नाही, काकांचा फोन बंद. वडील पावणेदोनपर्यंत त्या काळ्या स्क्रीनसमोर बसून होते, मी फोनवर स्कोअर वाचून दाखवत होतो, मोठ्यानं, प्रत्येक कॉर्नर. खूप वाईट वाटलं त्या रात्री, अजून वाटतं. सकाळी काका स्वतः आले, "अरे बेल वाजवायची की बाळा, मी उठलो असतो," म्हणाले, आणि वडलांच्या शेजारी बसून रिपीट लावून दिली.

नवीन घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी संपायची तारीख विचारून घ्या आणि दोन दिवस आधी दुपारीच रिचार्ज करा. काकांनी आता त्यांच्या वहीत माझ्या नावापुढं लाल पेनानं लिहून ठेवलंय, "रात्रीची मॅच, आधी फोन करणे".