ह्युंदाई आय20 एन लाईन, 14 महिने आणि 17,000 किमी: घ्यायची का, तर आधी टायरचं बोलू

जुलै 2025 मध्ये कराडहून चिपळूणला जाताना पाटण सोडल्यावर गाडीचं पुढचं डावं चाक पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात गेलं. वरून नुसतं डबकं दिसत होतं आणि खाली डांबराची धारदार कड होती. दणका असा बसला की मागं बसलेल्या आईच्या तोंडून "अगं आई गं" निघालं. उतरून बघितलं तर हवा होती, स्टिअरिंग पण एका बाजूला ओढत नव्हतं, पाऊस जोरात होता, म्हणून तसाच पुढं निघालो. चिपळूणला सासरवाडीच्या दारात गाडी लावली तेव्हा मेहुण्यानं दाखवलं, टायरच्या कुशीला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, लिंबाएवढा फुगा. म्हणजे अख्खा कुंभार्ली घाट मी घरची चार माणसं घेऊन तो फुगा फिरवत उतरलो होतो. अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो.

त्याच रात्री लिहायला बसलो असतो तर "ही गाडी घेऊ नका" एवढंच लिहिलं असतं. थांबलो ते बरं झालं, कारण नंतर जे कळलं त्यानं माझं मत बरंच बदललं.

स्पेक सगळ्यांना पाठ आहेत त्यामुळं जास्त लिहीत नाही. एक लिटरचं तीन सिलिंडर टर्बो (एक्झॉस्टच्या जोरानं फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा), ताकद 120 पीएस, ओढ 172 एनएम. माझी 2023 च्या फेसलिफ्टनंतरची सहा गिअरची मॅन्युअल, त्याच्या आधी क्लचचं पेडल नसलेली आयएमटी यायची. डिसेंबर 2024 ला घेतली. आधीची डिझेल हॅचबॅक बारा वर्षं वापरली होती आणि खरं मन फोक्सवॅगन पोलोवर होतं, पण ती भारतात 2022 लाच बंद झाली. टाटाची अल्ट्रोझ रेसर चालवून बघितली, तिची ताकद पण 120 पीएसच, बसायला ऐसपैस. मारुतीची फ्रॉन्क्स टर्बो बघितली, 100 पीएस, उंच आहे, बाबांना चढायउतरायला ती सगळ्यात सोपी वाटली. तरी मी एन लाईन घेतली ती स्टिअरिंगमुळं आणि चारी चाकांना डिस्क ब्रेक आहेत म्हणून. आणि हो, बरेच जण विचारतात म्हणून सांगतो, परदेशात जी खरी आय20 एन होती, 1.6 टर्बो, 204 पीएस, ती ही नव्हे. ही एन लाईन आहे, म्हणजे साध्या आय20 ला कडक सस्पेन्शन, जड स्टिअरिंग, वेगळा सायलेन्सर आणि लाल रेघा.

इंजिनाबद्दल आधी लिहितो कारण तिथं मी मनापासून खूश आहे. खंबाटकी चढताना ट्रकची रांग असते तेव्हा पूर्वी मी श्वास रोखून, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणून ओव्हरटेक करायचो. आता चौथ्यात नुसता पाय दाबला तरी गाडी पुढं जाते. टर्बो म्हणजे नुसता स्पीड असं लोकांना वाटतं, पण घाटात त्याचा खरा फायदा हा आहे की समोरच्या लेनमध्ये तुम्ही कमी वेळ राहता. माझ्या बायकोला गाड्यांची काही आवड नाही, पण कुंभार्ली चढताना तिनंच सांगितलं की आता ओव्हरटेक करताना मी दांडी पकडत नाही.

मात्र पहिले दोन महिने मला ही गाडी जमतच नव्हती. घाटातल्या वळणाला जुन्या डिझेलच्या सवयीनं तिसऱ्यात फिरवायचो, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) 1500 च्या खाली जायचा आणि वळणातून बाहेर पडताना पिकअप मिळायचा नाही. मग टर्बो जागा व्हायचा आणि गाडी एकदम उसळायची, मागच्यांच्या पोटातलं पाणी हलायचं. हा छोट्या टर्बोचा स्वभावच आहे, एक्झॉस्टचा जोर आल्याशिवाय तो फिरकी घेत नाही. वळणाच्या आधीच दुसऱ्यावर यायचं आणि काटा 2000 च्या आसपास धरायचा, एवढं केलं की लोण्यासारखी चालते. टेस्ट ड्राईव्ह सपाट रस्त्यावर घेतली की हे कळतच नाही, म्हणून चढावर घ्या, आणि गाडीत चार माणसं बसवून घ्या.

आता टायर.

साईज 195/55 आर16. याचा अर्थ शोरूममध्ये कोणी समजावून सांगत नाही, तो मी चिपळूणला रात्री वहीवर मांडला. रबराची रुंदी 195 मिमी, त्याच्या 55 टक्के म्हणजे साधारण 107 मिमी एवढी टायरच्या कुशीची उंची, आणि आर16 म्हणजे सोळा इंची रिम. बऱ्याच साध्या हॅचबॅकला जी 185/65 आर15 साईज असते तिची कुशी 120 मिमी. गंमत म्हणजे अख्ख्या चाकाचा व्यास दोन्हीचा जवळजवळ सारखाच, 621 मिमीच्या आसपास. म्हणजे सोळा इंची रिम घातल्यानं गाडी उंच होत नाही, फक्त रबर 13 मिमी कमी होतं आणि त्या जागी धातू येतो. करंगळीच्या जाडीएवढा फरक. पण खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये तेवढंच रबर असतं, ते चिमटलं की आतले धागे तुटतात आणि हवेच्या दाबानं तिथं फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, पंक्चरवाल्यानं "काय होत नाय, चालवा" म्हटलं तरी ऐकू नका, धागे तुटलेत म्हणजे तो कधीही फुटू शकतो.

इथपर्यंत माझा सगळा राग सोळा इंची चाकांवर होता. आमच्याकडच्या रस्त्यांना असली चाकं देतातच कशाला, असं मी घरात चार दिवस बोलत होतो. मग स्टेपनी लावून हळूहळू कराडला आलो आणि ओळखीच्या टायरवाल्या काकांकडं गेलो. त्यांनी आधी काय केलं तर बाकीच्या तीन चाकांची हवा मोजली. म्हणाले, "साहेब, एवढी कमी हवा कोणी भरली?" ती मीच भरायला सांगायचो. आईच्या कमरेला गचके बसतात म्हणून ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर जो आकडा लिहिलाय त्याच्यापेक्षा पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी ठेवायचो, गाडी जरा मऊ वाटायची. हवा कमी केली की टायर जास्त दबतो आणि आधीच लहान असलेली कुशी अजून लहान होते, कडेला जाऊन चिमटायला वेळच लागत नाही. प्रेशरचा दिवा सुद्धा बराच दाब उतरल्याशिवाय लागत नाही, त्यामुळं मला काही कळलं नाही. आईला आराम मिळावा म्हणून जे केलं त्यानंच तिला धोक्यात घातलं होतं, हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी सकाळी गाडी थंड असताना हवा मोजतो, स्टिकरप्रमाणं भरतो, नंतरच्या सात महिन्यांत आणि त्याच रस्त्यांवर एकही फुगा नाही. आईसाठी मागच्या सीटवर जाड उशी ठेवलीय, आणि ती स्वतःच आता पुढं बसते, पुढं खरंच कमी आदळतं.

काकांकडं माझी साईज शिल्लक नव्हती म्हणून आधी हायवेवरच्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. तिथं टायर दाखवला, नवा कोरा, रबराचे बारीक केस सुद्धा तसेच. कुशीवरचे चार आकडे बघितले तर 1123. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे 2023 च्या अकराव्या आठवड्यातला माल, सव्वादोन वर्षं रॅकवर पडलेला, आणि भाव पूर्ण. विचारलं तर म्हणाले या साईजला गिऱ्हाईकच कमी असतं, असाच मिळणार. अर्धा तास वाद घातला, भाव पण कमी करेनात, मग निघून आलो. काकांनी चार दिवसांत 2025 चाच माल मागवून दिला, एक टायर 8,200 ला. पुढच्या वेळी मी फोनवरच आकडे विचारणार आहे, तुम्ही पण विचारा.

त्यांनी सांगितलेलं अजून एक मला पटलं नव्हतं, नंतर पटलं. एका ॲक्सलवर (पुढची जोडी किंवा मागची जोडी) दोन्ही टायर सारखे पाहिजेत म्हणून दोन घेतले, आणि नवे दोन मागं लावले, मागचे पुढं आणले. मला वाटायचं पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ असते मग नवे पुढं नकोत का. पण पावसात मागची चाकं घसरली तर गाडी फिरते आणि आपल्यासारख्या साध्या ड्रायव्हरला ती सावरता येत नाही, पुढची घसरली तर पाय काढून सावरता येते. घाटातल्या माणसाला हे जास्त महत्त्वाचं.

इन्शुरन्सचं सगळ्यात वाईट वाटलं. झिरो डेप (पार्टची घसारा न कापता भरपाई) आहे म्हणून मी निर्धास्त होतो. तर नेहमीच्या पॉलिसीत एकटा टायर गेला तर काहीच मिळत नाही, त्याच अपघातात गाडीचं बाकी काही नुकसान झालं असेल तरच मिळतं आणि तेही टायरच्या किमतीच्या निम्मं. टायरसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. गाडी घेताना माझ्या एजंटनं पंधरा मिनिटं चावी हरवण्याच्या कव्हरबद्दल सांगितलं, टायरचा त सुद्धा काढला नाही. दोन टायर, बॅलन्सिंग, अलाईनमेंट मिळून 17,400 रुपये खिशातनं गेले. या वर्षी रिन्यूअलला आधी ते कव्हर घेतलं.

अ‍ॅव्हरेज, माझी टाकी टू टाकी मोजणी, डॅशबोर्डवरचा आकडा नव्हे: कराड पुणे हायवेला 90 च्या वेगानं 18 ते 19, कुंभार्ली धरून चिपळूण 14, कराडात 12 ते 13. पाय मोकळा सोडला तर हायवेला पण 15 वर येतं. सध्याच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे, इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास तिसऱ्या हिश्शानं कमी, त्यामुळं थोडा फटका बसणारच. टाकी 37 लिटरची, लांबच्या प्रवासाला जरा लहान वाटते. टोलचं सांगतो, ऑगस्ट 2025 ला वार्षिक पास आला, तेव्हा 3,000 रुपयांना, 200 फेऱ्या किंवा एक वर्ष. तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे आमचे जाताना तीन आणि येताना तीन, त्या हिशोबानं एका नाक्याला 15 रुपये पडले, दर आठवड्याला पुण्याला जाणाऱ्यानं घेतलाच पाहिजे.

सर्व्हिसबद्दल विशेष काही नाही, वेळेवर ऑईल बदलतो. घाट जोरात चढून आलो की इंजिन लगेच बंद न करता अर्धा एक मिनिट चालू ठेवतो, टर्बोला ऑईल फिरत राहतं.

आता पैशाचं. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी बदलला आणि मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर आधी 28 अधिक 1 सेस, आता सरळ 18. समजा शोरूम किंमत 10 लाख 80 हजार होती, कंपनीनं पूर्ण कपात दिली तर ती साधारण 9 लाख 88 हजारावर येते. शिवाय महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला 10 लाखाच्या आत 11 टक्के रोड टॅक्स आणि वर 12, म्हणजे तिथंही वीसेक हजार वाचतात. एकूण एक लाख तेरा हजाराच्या जवळ फरक. मी नऊ महिने थांबलो असतो तर एवढ्यात टायरचे कितीतरी सेट आले असते. पण आता घेणाऱ्यासाठी हिशोब खूपच चांगला झालाय, आणि जीएसटीच्या आधीचे रिव्ह्यू वाचून "हॅचबॅकला एवढे पैसे कशाला" असं ठरवलं असेल तर परत एकदा कोटेशन काढा.

माझा मावसभाऊ पाटणलाच शिक्षक आहे, तो परवा विचारायला आला, घेऊ का म्हणून. त्याचं रोजचं जाणं वाड्यावस्त्यांवर, अर्धा रस्ता खडीचा, गाडीत कायम पाच माणसं. त्याला मी सरळ नाही सांगितलं, तू उंच गाडी बघ, स्कोडाची कायलॅक बघ, तिथंही एक लिटरचं टर्बो आहे आणि 115 पीएस मिळतात. माझा ऑफिसमधला मित्र साताऱ्याला राहतो, दोघंच नवराबायको, आठवड्याला पुणे आणि महिन्यातनं एकदा महाबळेश्वर, त्याला घे म्हणालो. त्याच्यासोबत शोरूमला मीच गेलो होतो, हवा भरायचं यंत्र आणि प्रेशर गेज त्याच्या यादीत आधी लिहून दिलं.

मी स्वतः ऑक्टोबरमध्ये गाडी विकायला काढणार होतो, फोटो पण काढून ठेवले होते. दिवाळीला परत चिपळूणला गेलो, पाऊस संपलेला, घाट कोरडा, हवा बरोबर भरलेली. पोफळीच्या वर वळणं सुरू झाली, दुसरा, तिसरा, परत दुसरा, स्टिअरिंग हातात घट्ट, आणि शेजारी बसलेली आई बाहेरची दरी बघत होती, एकदाही दांडीला हात लावला नाही. घरी आल्यावर फोटो डिलीट केले. फुगा न आलेला जुना टायर अजून माळ्यावर ठेवलाय, अजून बरीच नक्षी शिल्लक आहे त्याची.